आधी कागदावर काढ

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री वाचला. रेणूंच्या एकाच यादीत तुझ्या प्रोग्रॅमला सापडलेल्या साखरा वेगळ्या, मैत्रिणीच्या प्रोग्रॅमला सापडलेल्या वेगळ्या. गाइडना कोणता आकडा द्यायचा, असं विचारतेस. कोणताच देऊ नकोस. ज्या रेणूंवर तुमचं जुळत नाही तेवढे बाजूला घे आणि पेन्सिलीनं कागदावर काढ.

रेणूतली साखर ओळखायचा तुझा नियम वाचला. रिंगमध्ये पाच ते सात अणू, त्यांत ऑक्सिजन एकच, बाकी कार्बन, बंध सगळे एकेरी. आणि रिंगला बाहेरून लागलेले ऑक्सिजन रिंगच्या अणूंच्या निम्मे. नियम चांगला आहे. पण प्रोग्रॅममध्ये चिन्ह कोणतं घातलंस, ‘निम्म्याहून जास्त’ (>) की ‘निम्मे किंवा जास्त’ (≥)? एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक काढ. त्यावर दोन साखरा आहेत, क्लॅडिनोज आणि डेसोसामाइन. क्लॅडिनोजची रिंग सहा अणूंची, बाहेरचे ऑक्सिजन मोजून तीन. चिन्ह चुकलं की ती गेलीच. डेसोसामाइनवर तर दोनच, कारण तिसऱ्या कार्बनवर नायट्रोजन बसलाय. चिन्ह कोणतंही घाल, ती निसटते. आणि साखर तर आहे! आंब्यातलं मँजिफेरिनही काढून बघ. त्यातलं ग्लुकोज थेट कार्बनला जोडलेलं. ऑक्सिजनचा दुवा हवाच अशी अट घातली असशील तर तेही गेलं. आकड्याकडे रात्रभर बघत बसलीस तरी यातलं काही दिसायचं नाही. कागदावर काढ.

तुझ्या वयात माझा नियम होता: सहाची रिंग, तीवर निदान तीन मोकळे हायड्रॉक्सिल, म्हणजे OH. आकडा झोकात आला, मी तो चर्चासत्रात मांडला. मागच्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी एवढंच विचारलं, कण्हेरीतलं ओलिअँड्रिन यात आलं का? नव्हतं आलं. त्याच्या साखरेवर मोकळा हायड्रॉक्सिल एकच. दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजनच नाही, तिसऱ्यावरच्या ऑक्सिजनला हायड्रोजनऐवजी मिथाइल, म्हणजे CH₃. रावेरला आमच्या बांधावर कण्हेर होती, वडील गुरांना तिकडे फिरकू देत नसत. जे विष मी पोरवयापासून ओळखत होतो, ते माझ्या नियमाला ओळखता आलं नाही. ती गोष्ट अजून टोचते.

तेव्हापासून कुठलाही नियम लिहिण्याआधी शंभर रेणू हातानं काढायचे, हा माझा हट्ट. प्रबंध रखडला, बरोबरीचे पुढे गेले. जाऊ देत. माझ्या यादीतली प्रत्येक साखर मी स्वतः पाहिलेली होती, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. तू म्हणशील, सर, चित्र तर सॉफ्टवेअरच काढून देतं. देतं ना! ते तू नुसतं बघतेस. काढताना हात जिथं अडतो, तिथंच नियम लंगडा असतो.

रेणूतून साखर तोडून वेगळी करतानाही हेच. तुझे आबा केळीच्या घडावरून फणी उतरवतात तेव्हा कोयता कुठं लावायचा ते त्यांना ठाऊक असतं. तूही बंध तोडलास की साखर आणि बाकीचा रेणू यांच्या मधला ऑक्सिजन उरलेल्या सांगाड्याकडेच ठेव, त्याला हायड्रोजन दे.

रविवारी जळगावला ये. लॅपटॉप नको, काढलेले कागद आण. डेसोसामाइन आत घ्यायचं तर नियम कुठं सैल करशील, आणि त्या सैल नियमातून साखर नसलेलं काय काय आत शिरेल, तेही काढून आण.

तुझा,
सर