सीडी प्लेअर विकून लॅपटॉपवर गाणी ऐकली तर आवाज उतरेल का?

सीडी फ्लॅक या प्रकारच्या फाइलींमध्ये उतरवल्या तर नाही. सीडीवर आवाज आकड्यांत मोजून ठेवलेला असतो: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. फ्लॅकमध्ये तेच जसेच्या तसे राहतात, जागा मात्र साधारण निम्मी लागते. एमपीथ्रीत काही माहिती कायमची जाते, म्हणून ती टाळा.

खरा फरक पडतो तो आकड्यांचा आवाज करणाऱ्या डॅकमुळे. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमध्ये बऱ्याचदा आतल्या सर्किटची बारीक खरखर मिसळते. विलंबित ख्यालात नुसता तानपुरा चालू असताना ती फार खुपते! यूएसबीवरचा साधा बाहेरचा डॅक घ्या, तो अँप्लिफायरला जोडा.

सीडी मात्र विकू नका. हार्ड डिस्क कधीही दगा देते, तेव्हा मूळ प्रत घरात हवीच.