बाबांनी नाही म्हटलं, त्यानंतर

चि. प्रिय,

काल सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तुझे बाबा दुसऱ्याच फेरीत बाकावर बसले. म्हणाले, "परवा पोराला पैसे द्यायला नाही म्हणालो. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही." हे ते तुला कधीच सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितोय.

तुला वाटतं, त्यांनी हात झटकले. नाही रे. पहिल्या वेळी तुझा ऑप्शन्समधला, म्हणजे शेअर बाजारातल्या भाव चढण्या-उतरण्यावरच्या सौद्यांतला, तोटा त्यांनी फंडाच्या पैशांतून भरला, दुसऱ्या वेळी आईची एफडी मोडून. दोन्ही वेळा तू अर्धाच आकडा सांगितलास. उरलेला पुढच्या एक्सपायरीला, सौद्यांची मुदत संपते त्या दिवशी, भरून काढू, असं तुला मनापासून वाटत होतं. मी हे माझ्याही घरात पाहिलंय. धाकट्या भावाचं कर्ज मी तीनदा फेडलं आणि "अजून किती आहे?" हे एकदाही विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची. चौथ्यांदा मी नाही म्हटलं, तेव्हा कुठे तो स्वतः सावकारांसमोर जाऊन बसला. पण त्या रागात मी त्याच्याशी दोन वर्षं बोललोही नाही. पैसे थांबवले ते बरोबर केलं, बोलणं थांबवलं ते फार चुकलं. तुझ्या बाबांना मी रोज हेच सांगतो.

स्वतःला नालायक म्हणणंही आता पुरे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून अधिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. तोटा सरासरी दोन लाखांच्या आसपास. पुढच्या सौद्यात ते पैसे परत येतील, ही आशा मात्र सोड.

आणि बाबांची सही मागू नकोस. बँकेत माझी हयात गेली. जामीन राहणं म्हणजे नुसती ओळख देणं, असं समजून सही करणारे किती बाप पाहिले! १८७२च्या करार कायद्याच्या कलम १२८प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सही नसेल तर सज्ञान मुलाचं कर्ज बापाला फेडावं लागत नाही. वसुलीवाले आईला फोन करून घाबरवतात ना? तिला हे नीट समजावून सांग. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर असे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हेही सांग.

रविवारी घरी जा. त्याआधी एका कागदावर सगळं लिही: बँक, क्रेडिट कार्ड, ॲपवरची कर्जं, सातपूरच्या मित्राचे उसने, व्याजासकट. कागद बाबांसमोर ठेव आणि काहीही मागू नकोस. ते कदाचित उठून गॅलरीत जातील. जाऊ दे त्यांना, तू बसून राहा. आईला मध्ये घालू नकोस. ती गुपचूप बांगड्या काढून देईल आणि बाबांनी जड मनाने केलेलं सगळं वाया जाईल.

एखाद्या रात्री जीव नकोसा झाला तर १४४१६ला फोन कर, टेली-मानस ही सरकारची मानसिक आधाराची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. नाहीतर मला उठव. बाबांना उठवलंस तरी चालेल. त्यांनी पैशाला नाही म्हटलंय, तुला नाही.

शनिवारी संध्याकाळी कागद घेऊन माझ्याकडे ये. बेरीज दोघं मिळून करू. काकू जेवायला थांबवेल.

तुझा,
काका