‘कटऑफ’ला मराठीत काय म्हणावे?

गर्भधारणेच्या रक्तचाचणीतील ‘कटऑफ लेव्हल’साठी, म्हणजे ज्या आकड्यावरून निकाल होकारार्थी की नकारार्थी हे ठरते त्यासाठी, ‘सामान्य पातळी’ लिहावे की ‘किमान पातळी’, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते दोन्ही टाळून ‘निर्णयसीमा’ लिहावे.

ही चाचणी रक्तातील एचसीजी या गर्भारपणात वाढणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण प्रति मिलिलिटर मिलि-आंतरराष्ट्रीय एककांत मोजते. सर्वसाधारणपणे ५ पेक्षा कमी आकडा नकारार्थी आणि २५ पेक्षा अधिक होकारार्थी धरतात. मधला आकडा अनिश्चित मानून सुमारे ४८ तासांनी रक्त पुन्हा तपासतात, कारण तेव्हा एकट्या आकड्यापेक्षा त्याची वाढ अधिक सांगते. ही सीमा ठरवलेली असते, निसर्गात आखलेली नसते. ती खाली आणली तर गर्भवती नसलेल्या काही स्त्रिया होकारार्थी ठरतात आणि वर नेली तर अगदी सुरुवातीची गर्भधारणा निसटते.

‘सामान्य पातळी’ म्हटले की हे सारे झाकले जाते. गर्भारपणात एचसीजीची एकच सामान्य पातळी नसतेच. पहिल्या काही आठवड्यांत ती काही एककांपासून हजारोंच्या घरात जाते. उलट रजोनिवृत्तीनंतर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीही थोडे एचसीजी स्रवते, म्हणून त्या वयात १४ पर्यंतचा आकडा गर्भाविनाही आढळू शकतो आणि तिथे ५ ची सीमा दिशाभूल करते. ‘किमान पातळी’ची अडचण निराळी आहे: यंत्राला ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण, म्हणजेच ‘शोधसीमा’, असा तिचा अर्थ सहज होतो, आणि ते प्रमाण बहुधा ५ च्याही खाली असते. ‘उंबरठा’ हा शब्द कानाला गोड आहे खरा, पण तो ओलांडताच गर्भधारणा सुरू होते असे वाटू लागते.

‘निर्णयसीमा’ लिहितानाही ती कशासाठी आणि कोणत्या चाचणीसंचाची, हे सांगावे. एचसीजीच्या रेणूची कोणती रूपे मोजायची यात संचासंचांत फरक असल्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. शिवाय सोनोग्राफीत गर्भपिशवी दिसायला हवी अशी १५०० ते ३५०० च्या दरम्यान धरली जाणारी पातळी हीसुद्धा निर्णयसीमाच आहे. मात्र तिथला प्रश्न गर्भ आहे की नाही हा नसून तो गर्भाशयात आहे की बाहेर, हा असतो.