दुर्बिणीने सुरू केलेली लोबेक्टमी (फुप्फुसाचा एक खंड काढण्याची शस्त्रक्रिया) छाती उघडून पूर्ण केली, तर दोन्ही कोड लावावेत का?

नाही, कुडाळमधून अमेरिकी रुग्णालयाचे मेडिकल कोडिंग (उपचारांना बिलासाठी ठरावीक कोड देण्याचे काम) करताना आपल्यापुढे आलेल्या या प्रकरणात ३२४८० हा खुल्या लोबेक्टमीचा एकच कोड लावावा आणि ३२६६३ हा थोरॅकोस्कोपीचा (छातीत दुर्बीण घालून करण्याच्या पद्धतीचा) कोड सोडून द्यावा. मेडिकेअर या अमेरिकी सरकारी आरोग्य विम्याच्या ‘नॅशनल करेक्ट कोडिंग इनिशिएटिव्ह’च्या नियमांनुसार दुर्बिणीची शस्त्रक्रिया खुली करावी लागल्यास केवळ खुल्या शस्त्रक्रियेचेच बिल लावता येते, पद्धत बदलल्याची नोंद झेड५३.३२ या निदान-कोडने होते, आणि ती रक्तस्रावामुळे बदलली की फुप्फुस चिकटलेले असल्यामुळे, हे शस्त्रक्रियेच्या टिपणात स्पष्ट नसेल तर बिल पाठवण्याआधी सर्जनना विचारावेच. मात्र आधीची थोरॅकोस्कोपी केवळ निदानासाठी होती आणि तिच्या निष्कर्षावरूनच छाती उघडण्याचा निर्णय झाला, असे टिपणात लिहिलेले असेल, तर ती ५८ हा मॉडिफायर (कोडला जोडायचा पूरक अंक) लावून वेगळी दाखवता येते.