लष्कराचा तळ बंद झाल्यावर: जमिनीवर लक्ष कोणी आणि कसं ठेवायचं?

लष्कराने सोडलेल्या तळावर वस्ती, बाग किंवा कारखाने येणार असतील तर नागरिकांच्या हाती काय असतं, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या पाच प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न: आराखड्यावर सूचना आणि हरकती मागवल्या आहेत. आम्ही इमारतींच्या उंचीवर हरकत घेणार आहोत. आणखी काय मांडावं?

उंचीचा मुद्दा जरूर मांडा, पण त्याआधी जमिनीचं हस्तांतर कधी आणि कोणत्या अटींवर होणार ते विचारा. एकदा मालकी बदलली की सफाईचा खर्च कोणाच्या गळ्यात पडणार, हा वाद वर्षानुवर्षं चालतो. तळाच्या मातीत विमानांचं इंधन, यंत्रं धुण्याची रसायनं आणि नेमबाजीच्या मैदानातलं शिसं मुरलेलं असू शकतं. आग विझवण्याच्या सरावात वापरलेल्या फेसातली पीएफएएस रसायनं भूजलात उतरतात आणि सहजी विघटित होत नाहीत. अमेरिकेच्या सुपरफंड कायद्यानुसार (विषारी दूषित जागांच्या सफाईचा कायदा), अशी दूषित जमीन देताना आवश्यक ती सफाई झाली आहे आणि पुढे काही आढळलं तर तेही आम्हीच साफ करू, असं केंद्र सरकारला लिहून द्यावं लागतं. मात्र त्या राज्याच्या गव्हर्नरच्या संमतीने सफाईआधीही हस्तांतर करता येतं. तुमच्याकडे अशी सवलत घेतली जाणार आहे का, हे लेखी विचारा.

प्रश्न: तपासणीचा अहवाल 'माती सुरक्षित' म्हणतो. आता निश्चिंत राहायचं का?

नाही. सॅन फ्रान्सिस्कोची हंटर्स पॉइंट ही नौदलाची गोदी बघा. १९४६च्या बिकिनी बेटांवरच्या अणुचाचण्यांत वापरलेली जहाजं किरणोत्सर्ग धुऊन काढण्यासाठी तिथे आणली गेली. नौदलाची किरणोत्सर्ग प्रयोगशाळाही तिथेच होती, ती १९६९मध्ये बंद झाली. १९८९मध्ये ही जागा सुपरफंड कायद्याखालच्या सर्वाधिक दूषित जागांच्या यादीत गेली. पुढे सफाईच्या कंत्राटदाराच्या दोन पर्यवेक्षकांनी नोंदींमध्ये फेरफार केल्याचं कबूल केलं: संशयित जागेतून घ्यायच्या नमुन्यांऐवजी स्वच्छ जागेची माती पाठवली गेली होती. २०१८मध्ये दोघांना प्रत्येकी आठ महिन्यांची कैद झाली आणि नौदलाला पुन्हा तपासणी हाती घ्यावी लागली. ज्या लोकांनी या कागदांवर भरवसा ठेवून घराचं स्वप्न पाहिलं, त्यांचा विचार केला की चीड येते.

म्हणून अहवालाचा सारांश वाचून थांबू नका, मूळ नोंदी मागा. प्रत्येक नमुन्यासोबत एक ताबा-पत्रक असतं. नमुना कुठल्या खुणेवरून घेतला, किती खोलीवरून, किती वाजता, कोणी, आणि प्रयोगशाळेत कोणी स्वीकारला, हे सगळं त्यात असायला हवं. त्यातल्या वेळा ताडून पाहा. एकाच माणसाने एकाच वेळी दोन टोकांना नमुने घेतल्याचं दिसलं, किंवा ज्या भागात डबर टाकत असत तिथले आकडे सगळे सारखेच कमी आले, तर तिथे बोट ठेवा. काही नमुन्यांचे दोन भाग करून दुसरा भाग स्वतंत्र प्रयोगशाळेला द्यावा, अशी मागणीही करा. त्याचा खर्च पुनर्तपासणीच्या मानाने किरकोळ असतो.

प्रश्न: नागरिक समिती आहे, पण सभेत नुसतं सादरीकरण होतं. आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

कळत नसेल तर तुमच्या बाजूचा तज्ज्ञ हवा, आणि त्याचे पैसे सफाईच्या अंदाजपत्रकातून आले पाहिजेत. अमेरिकेत अशा समित्यांना लष्कराचा एक आणि नागरिकांचा एक असे दोन सहअध्यक्ष असतात. तांत्रिक सल्ल्यासाठी समितीला निधीही मागता येतो. अधिकार मात्र सल्ल्यापुरता. हंटर्स पॉइंटची समिती नौदलाने २००९मध्ये बरखास्त केली. त्यामुळे प्रत्येक प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि लेखी उत्तराची तारीख ठरवून घ्या. समिती मोडली तरी ती नोंद उरते.

प्रश्न: जागा मोकळीच ठेवावी, असं लोकांनी ठरवलं तर?

जमतं. बर्लिनच्या टेम्पलहॉफ विमानतळाचा अमेरिकी हवाई दलाने अनेक वर्षं वापर केला होता. तो २००८मध्ये बंद झाला आणि २०१४च्या सार्वमतात शहराने बांधकाम नाकारलं. पण सार्वमताने आलेला कायदा विधिमंडळ बदलू शकतं. निर्वासितांच्या तात्पुरत्या निवासासाठी २०१६मध्ये तो बदललाही गेला. त्या बदलामागची निकड मला मान्य आहे. तरी दार किती उघडायचं हे तेव्हाच ठरवून घ्यावं लागतं, म्हणून मुदत आणि हद्द कायद्यातच लिहून घ्या.

प्रश्न: जुन्या तळावर घर घेतोय. काय बघू?

खरेदीखतासोबतचे निर्बंध वाचा. विहीर खणू नये, ठराविक खोलीखाली खोदू नये, अशा अटी असू शकतात. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ऑर्ड या जुन्या लष्करी तळावर न फुटलेला दारूगोळा सापडत असल्याने तिथे मोठ्या खोदकामाला आधी परवाना घ्यावा लागतो. प्रदूषण जागेवरच ठेवलं असेल तर सुपरफंड कायद्याने दर पाच वर्षांनी फेरआढावा होतो. त्यातला ताजा अहवाल विकणाऱ्याकडून मागून घ्या आणि तो हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.