महाधमनी फाटली, मग बदलायची किती?

प्रश्न: बाबांना (वय ७१) टाइप ए डिसेक्शन (हृदयाजवळची महाधमनी आतून फाटणं) झालं, रात्रीच ऑपरेशन केलं. आता सीटीमध्ये फट पोटापर्यंत अजून दिसतेय. ऑपरेशन अर्धवट राहिलं का?

उत्तर: अर्धवट नाही हो. महाधमनीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं, आतलं अस्तर फाटून रक्त भिंतीच्या थरांत घुसतं आणि खालपर्यंत दुसरी वाट पाडतं, पण जीव घेतो तो हृदयाजवळचा चढता भाग, तो हृदयाभोवतीच्या पिशवीत फुटला की काही मिनिटांत सगळं संपतं. म्हणून आधी तो भाग आणि कमानीची (महाधमनी वळून खाली जाते तिथली) खालची बाजू कृत्रिम नळी घालून बदलतात, त्याला आम्ही हेमिआर्च म्हणतो. त्यासाठी अंग थंड करून रक्ताभिसरण काही वेळ थांबवावं लागतं. ती भिंत भिजलेल्या कागदासारखी झालेली असते, टाका घातला की चिरते, म्हणून फेल्टची (जाड, नमद्यासारख्या कापडाची) पट्टी लावून शिवायचं. अशा वेळी ७१ व्या वर्षी जास्त पुढे न जाणं मला तरी बरोबर वाटतं. खालची फट पुष्कळांना राहते, फक्त बीपीची गोळी आणि ठरलेला सीटी चुकवू नका.

प्रश्न: भाऊ ३६ चा, मार्फान (शरीरातल्या जोडणाऱ्या ऊती कमजोर करणारा आनुवंशिक आजार) आहे. त्याची पूर्ण कमान बदलून पुढे स्टेंटवाला ग्राफ्टही (जाळीचा आधार असलेली कृत्रिम नळी) टाकला. इतकं गरजेचं होतं?

उत्तर: बहुधा हो. फाटलेली जागा कमानीतच असेल, कमान आधीच फुगलेली असेल, किंवा मार्फानसारखा आजार आणि वय कमी असेल, तर पुढे परत छाती उघडायला लागू नये म्हणून एकदाच जास्त करतात. हे फुकट मिळत नाही, मणक्यातल्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा कमी पडून पाय लुळे पडायचा धोका असतो, म्हणून सरसकट सगळ्यांना करत नाहीत. आणि तुम्ही सख्खे भाऊबहीण, तुमचा स्वतःचा इको झालाय का? नसेल तर याच आठवड्यात करा.

प्रश्न: मामा ८२ चे होते, आम्ही ऑपरेशनला नको म्हणालो. चुकलं का?

उत्तर: रुखरुख समजते, पण त्या रात्री समोर जे होतं त्यावरच तुम्ही ठरवलंत. नुसत्या वयावरून मी नाही म्हणत नाही. ज्यांच्या नावाने डिसेक्शनचं वर्गीकरण आहे त्या डॉ. मायकल डिबेकींनाच ९७ व्या वर्षी हे झालं, २००६ मध्ये ह्यूस्टनला ऑपरेशन झालं आणि ते २००८ पर्यंत जगले. पण रिकव्हरीला कित्येक महिने गेले. मेंदू, आतडी, किडनी यांचं रक्त आधीच तुटलं असेल तर गणित फार बदलतं, आणि मामांचं तसं होतं का हे त्यांच्या सर्जननाच विचारा, ते नक्की सांगतील.