न्यायवैद्यकशास्त्र म्हणजे फक्त शवविच्छेदन का, आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरवर कायद्याने कोणती जबाबदारी येते?

आपण नवी मुंबईत इंटर्नशिप करत आहात आणि तीन गोष्टी विचारल्या आहेत: न्यायवैद्यकशास्त्र म्हणजे केवळ शवविच्छेदनच का, अपघाताचा रुग्ण आल्यास पोलीस येईपर्यंत थांबावे लागते का, आणि कागदावर काही चुकले तर डॉक्टर अडकतो का. मी ठाण्यात बरीच वर्षे कॅज्युअल्टी (तातडीच्या उपचारांचा विभाग) मेडिकल ऑफिसर होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. अजिबात थांबायचे नाही. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जखमी माणसाचा जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे आणि कायद्याचे सोपस्कार त्यानंतरचे, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितले आहे. तरीही घोडबंदर रस्त्यावरून जखमीला उचलून आणणारा रिक्षावाला दारातच घाबरून विचारतो, "साहेब, मला पोलीस ठाण्यात बसवून ठेवणार का?" मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ अशा माणसाला संरक्षण देते, हे त्याला आपणच दोन शब्दांत सांगावे. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांवर तर तत्काळ आणि विनामूल्य प्रथमोपचार करणे प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक आहे. ते नाकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा ठरतो.

आता शास्त्राविषयी. शवागार हा त्याचा एक कोपरा आहे. आपल्यासमोर येणारे बहुतेक काम जिवंत माणसांचे असते: मारहाणीतल्या जखमांचा दाखला, दारू प्यायल्याची तपासणी, वयाची निश्चिती, विषबाधा, जळीत, लैंगिक अत्याचाराची तपासणी, आणि मरणासन्न रुग्ण जबाब देण्याइतका शुद्धीवर आहे की नाही याचा शेरा. पोलीस यादी, म्हणजे तपासणीची लेखी विनंती, घेऊन येतात, आपण एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांशी संबंधित रुग्ण) रजिस्टरमध्ये नोंद करतो, आणि ते पान काही वर्षांनी न्यायालयात अशा लोकांपुढे उघडते, ज्यांनी ती जखम कधीच पाहिलेली नसते. त्यांच्यासाठी आपला कागद हीच जखम असते.

सुरुवातीच्या काळात एका रात्री डोके फुटलेला एक तरुण आला. जखमेच्या कडा सरळ दिसल्या, म्हणून मी "धारदार शस्त्राची जखम" असे लिहून टाके घातले. चार वर्षांनी कोर्ट नाक्यावरच्या न्यायालयात बचावाच्या वकिलांनी शांतपणे विचारले, "डॉक्टर, जखमेतले केस कापलेले होते की चिरडलेले?" माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण मी पाहिलेच नव्हते. कवटीवर कातडी हाडाला लागून ताणलेली असते, त्यामुळे लाठीच्या फटक्यानेही ती चाकूने कापल्यासारखी सरळ फाटते. भिंगातून पाहिले तर फरक कळतो: लाठीच्या जखमेत कडा बारीक ठेचलेल्या, केसांची मुळे चिरडलेली, आणि तळाशी दोन्ही बाजूंना जोडणारे ऊतींचे धागे शिल्लक असतात, धारदार पात्याने ते सगळे साफ कापले जातात. त्या एका शब्दावर आरोपीवर कोणते कलम लागते आणि त्याला किती शिक्षा होते हे ठरू शकते. त्यानंतर भिंग आणि मोजपट्टी मी कायम खिशात ठेवली.

म्हणून लिहिताना जखमेची लांबी, रुंदी, जागा, कडा आणि रंग लिहावा. रुग्णाच्या ओळखीच्या दोन खुणा, त्याला कोणी आणले, किती वाजता, आणि पोलीस आणत असल्यास त्यांचा बक्कल नंबरही लिहावा. कोणी मारले हे "रुग्णाच्या सांगण्यानुसार" एवढेच नोंदवावे, ते ठरवणे आपले काम नाही. आणखी एक बदल ध्यानात ठेवावा: तीव्र वेदना किंवा नित्यव्यवहार अशक्य होण्याच्या निकषावर दुखापत गंभीर ठरण्यासाठी पूर्वी वीस दिवस लागत, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ते पंधरा झाले आहेत.

पुढे आपण नेरुळ-खारघरसारख्या भागात दवाखाना काढलात, तर खरी कसोटी मृत्यूच्या दाखल्याची लागेल. सोसायटीतल्या ओळखीच्या घरी पहाटे बोलावले जाते, आजोबा गेलेले असतात, आणि मुलगा हात जोडून म्हणतो, "डॉक्टर, फक्त दाखला द्या, पोलीस नकोत." आपण त्यांच्यावर उपचार करत असाल आणि आजाराने मृत्यू झाल्याची खात्री असेल, तर दाखला नाकारू नये आणि त्याचे पैसेही घेऊ नयेत. पण पडल्याची खूण, विषाचा वास, किंवा कारणाविषयी शंका असेल, तर कितीही जुना संबंध असला तरी पोलिसांना कळवावेच लागते. त्या कुटुंबाचे दुःख आपल्याला दिसत असते, आणि तरीही नाही म्हणावे लागते. मला हे प्रत्येक वेळी जड गेले आहे.

राहिला अडकण्याचा प्रश्न. निदानात प्रामाणिक चूक होणे हा गुन्हा नाही. डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा फार मोठा असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात म्हटले आहे. नुकसानभरपाईसाठी मात्र ग्राहक न्यायालयात जाता येते. नोंद मागाहून बदलणे सर्वांत घातक. शब्द चुकला तर तो वाचता येईल अशा एकाच रेघेने खोडावा, शेजारी बरोबर शब्द लिहून सही, तारीख आणि वेळ घालावी, आणि व्हाइटनरची बाटली कॅज्युअल्टीच्या टेबलावर ठेवूच नये.